एकाच पोटचे दोघे

(युवक-युवतींच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



मला ‘व्यसन आणि तरुण’ या विषयावर बोला असं सांगितलं होतं. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. पुण्यात एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो, सर्व्हर पडला की रात्री दोन वाजता ज्याला फोन येतो तो माणूस मी. त्यामुळे व्यसन या एवढ्या मोठ्या शब्दावर मी बोलणार नाही. गांजावर बोलेन, आणि त्यातही एकाच प्रश्नावर. तो प्रश्न माझ्या अम्मीचा आहे. “एकीच पेट के दोनो, फिर ये ऐसा कायकू हुआ?”

आम्ही मिरजेचे. अब्बांचं टू-व्हीलरचं गॅरेज होतं. मी मोठा, माझा भाऊ पाच वर्षांनी धाकटा. एकच घर, एकच शाळा, एकाच ताटात जेवलेलो. मी इंजिनिअर झालो आणि भाऊ विसाव्या वर्षी सकाळी उठल्या उठल्या गांजा ओढायला लागला. इथे जे बोलतोय ते त्याच्या परवानगीने बोलतोय. मजकूर त्याने आधी वाचला आहे.

घरात या प्रश्नाची दोन उत्तरं होती. दादी म्हणायची, “खूनमेंच है उसके. मामूपर गया.” आमचे एक मामू दारू प्यायचे, आणि त्यांचे चुलते म्हणे तकियावर फकिरांबरोबर चिलीम ओढत बसायचे. अम्मी म्हणायची, संगत वाईट. गॅरेजमध्ये येणारी पोरं वाईट. पुष्कळ वर्षांनी माझ्या लक्षात आलं की हा वाद भावाबद्दल नव्हताच. रक्त म्हटलं की दोष अम्मीच्या माहेराकडे जातो, संगत म्हटलं की अब्बांच्या दुकानाकडे. दोष कुणाच्या दारात टाकायचा एवढंच त्यात ठरत होतं. आणि भाऊ शेजारच्या खोलीत हे सगळं ऐकत पडलेला असायचा.

मी या वादात कधी पडलो नाही. कारण मला एक तिसरी गोष्ट माहीत होती. भावाला पहिला झुरका मी दिला होता.

2009 साल. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेलो. हॉस्टेलवर दोन वर्षांत मी पंचवीस-तीस वेळा ओढला असेन. मला काही झालं नव्हतं. हसायला यायचं, भूक लागायची, झोप यायची, संपलं. गच्चीवर भाऊ आला, म्हणाला, “भाई, मला पण.” तो सोळा वर्षांचा होता. मी दिला. मनात हिशोब सरळ होता: मला काही झालं नाही, याला काय होणार? नोकरी लागली तसा माझा गांजा बंद झाला. सोडला असंही म्हणता येत नाही, विसरलो. भाऊ विसरला नाही.

तर “मला काही झालं नाही” या वाक्यात चूक काय होती, हे समजून घ्यायला मी नंतर बरंच वाचलं. त्यातलं जे पक्कं वाटलं तेवढं सांगतो.

शास्त्रज्ञ हा प्रश्न जुळ्यांना विचारतात. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात. बाकीच्या जुळ्यांत, आणि साध्या भावंडांतही, माणसामाणसांत जी जनुकं वेगवेगळी असतात त्यांतली सरासरी निम्मी सारखी निघतात. दोन्ही प्रकारच्या जोड्या एकाच घरात वाढतात. आता एकसारख्या जुळ्यांत ‘एक ओढतो तर दुसराही ओढतो’ हे जास्त दिसलं, तर त्यात जनुकांचा हात आहे असं धरता येतं. 2010 साली अशा बऱ्याच अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले गेले. गांजा कधीतरी ओढून पाहणं यातल्या फरकापैकी पुरुषांत सुमारे 48 टक्के आणि स्त्रियांत 40 टक्के फरक आनुवंशिक निघाला. त्रासदायक, सुटत नाही अशा वापरात पुरुषांत 51, स्त्रियांत 59 टक्के. मुलींना हे लागत नाही असं इथे कुणी समजत असेल तर हा शेवटचा आकडा पुन्हा ऐका.

पण आकडा ऐकून लगेच घरी जाऊन “निम्मं रक्तातच असतं” असं सांगू नका. मी स्वतः ही चूक केली आहे. 51 टक्के याचा अर्थ माझ्या भावाच्या व्यसनातले 51 टक्के मामूंचे आणि 49 टक्के गॅरेजचे असा होत नाही. हा आकडा एका माणसाचा नसतोच, तो गर्दीतल्या फरकाचा असतो. आणि गर्दी बदलली की आकडाही बदलतो. ज्या गावात गांजा मिळतच नाही तिथे कुणाच्याही जनुकांना काही करून दाखवायची संधी नाही.

माझ्या कामातलं उदाहरण देतो, कारण मला त्यानेच समजलं. एखाद्या प्रोग्रॅममध्ये मेमरी हळूहळू गळत असते. त्याला आम्ही लीक म्हणतो. रोजच्या गर्दीत सर्व्हर महिनोन्महिने चालतो, कुणाला पत्ता लागत नाही. सेलच्या दिवशी दहापट लोक येतात आणि सर्व्हर पडतो. मॅनेजर विचारतो, “लीकमुळे पडला की लोडमुळे?” काय सांगणार? लीक नसता तर त्या गर्दीतही टिकला असता. गर्दी नसती तर लीक असूनही चालला असता. दोघांचा गुणाकार झाला, आणि गुणाकारात कुणाचा वाटा किती हे विचारता येत नाही. आमच्या घरात दहा वर्षं मॅनेजरचाच प्रश्न चालू होता.

आता जनुकांकडे. गांजाचं एखादं जनुक असतं का? नाही. 2018 साली 1,84,765 लोकांच्या जनुकांचा एक अभ्यास आला, प्रश्न होता ‘आयुष्यात कधी गांजा ओढलात का’. त्यात आठ ठिकाणं सापडली. सगळ्यांत ठळक सीएडीएम2 नावाचं जनुक, आणि ते जोखीम घेण्याच्या वृत्तीशीही जोडलेलं आढळतं. म्हणजे ‘गांजाचं’ म्हणावं असं त्यात काही नाही. गाडी जोरात हाणणाऱ्यातही ते आपलं काम करत असेल. आणि सापडलेले नसलेले असे नेहमीच्या आढळातले सगळे बारीक बदल एकत्र धरले तरी फरकाचा सुमारे 11 टक्के भागच उलगडला. हजारो लहान लहान गोष्टी, प्रत्येकीचा धक्का नगण्य.

2020 साली दुसरा मोठा अभ्यास आला, तो गांजा न सुटणाऱ्या लोकांवर होता. त्यातून दिसलं की ओढून पाहण्याची जनुकं आणि अडकण्याची जनुकं यांचा मेळ पुरता बसत नाही. मला हे वाचून गच्ची आठवली. त्या रात्री आम्ही दोघांनी सारखंच केलं होतं, एकाच जॉइंटमधून. कुतूहल दोघांतही होतं. पुढचा रस्ता वेगळा होता, आणि तो त्या रात्री आम्हा दोघांपैकी कुणाला दिसण्यासारखा नव्हता.

तुमच्यातल्या कुणीतरी विचारेलच, मग थुंकीची टेस्ट करून आपला धोका काढता येईल का? तशा किटा मिळतात, मी एकदा कार्टमध्येही टाकली होती. माझं ऐकाल तर पैसे वाचवा. हे अभ्यास बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर झाले आहेत. त्यावरून काढलेला गुण आपल्यासारख्यांना नीट लागू पडत नाही. आणि त्यांच्यासाठीसुद्धा एका माणसाचं भविष्य सांगण्याइतका तो पक्का नाही. तुमच्या घरातली माणसं आठवा: मामू, चाचा, नाना, खाला. कुणाला दारू, गांजा, तंबाखू सुटली नाही? कुणाला मनाचा मोठा आजार झाला? ही माहिती फुकट आहे आणि आज तरी त्या किटपेक्षा जास्त कामाची आहे.

या शास्त्राने स्वतःही मार खाल्ला आहे, तेही सांगितलं पाहिजे. 2003 साली न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहराच्या अभ्यासातून एक निष्कर्ष आला. तिथे 1972-73 साली जन्मलेल्या हजारभर मुलांच्या मागे संशोधक अजूनही आहेत. निष्कर्ष असा की सेरोटोनिनशी संबंधित एका जनुकाचा विशिष्ट प्रकार असेल आणि आयुष्यात आघात झाले तर नैराश्य येतं. जनुक आणि अनुभव यांची एवढी सुबक गोष्ट! जगभर गाजली. 2019 साली कितीतरी मोठ्या संख्येवर अशी 18 नावाजलेली जनुकं पुन्हा तपासली तेव्हा ती कुठल्याही उचललेल्या जनुकांपेक्षा वेगळी निघाली नाहीत. एक जनुक, एक आघात, एक आजार अशी गोष्ट कुणी सांगितली तर सावध व्हा. खरी गोष्ट घोळाची आहे.

अनुभवांच्या बाजूला मात्र पुरावा जड आहे. अमेरिकेत सॅन डिएगो इथे हजारो प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं गेलं: मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरात आईला मार, घरात दारू, कुणी तुरुंगात. 1998 साली त्याचे निष्कर्ष आले. असे चार किंवा जास्त अनुभव असलेल्यांमध्ये दारू, अमली पदार्थ, नैराश्य, आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारापट आढळला. 2003 साली त्याच लोकांवरचा पुढचा लेख होता. पाच किंवा जास्त अनुभव असतील तर अमली पदार्थांच्या त्रासाची शक्यता सात ते दहापट.

माझ्या भावाचं बालपण यादीतल्यासारखं भयानक नव्हतं. पण एक सांगतो. तो लहानपणापासून अस्वस्थ. बेंचवर बसवत नसे. नववीत नापास झाला. शाळेतल्या एका सरांनी वर्गासमोर त्याला इतकं मारलं की दोन दिवस त्याला नीट बसता येत नव्हतं, आणि घरी अब्बा म्हणाले, “सरांनी मारलं म्हणजे तूच काहीतरी केलं असशील.” तिथून तो मागच्या बाकावर गेला, मागच्या बाकावरून भिंतीपलीकडे. ज्या ‘वाईट संगती’बद्दल अम्मी बोलायची ती सगळी अशीच बाहेर काढलेली पोरं होती.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं म्हणून थोडा थांबतो. आपण म्हणतो संगत लागते, जणू ती हवेतून येते. पण अस्वस्थ स्वभाव थोडा जन्मजात असतो, त्या स्वभावाला मोठी माणसं मार देतात, मार खाल्लेला मुलगा आपल्यासारखे शोधतो, आणि त्या टोळक्यात पुडी असते. आता यात रक्त कुठे संपलं आणि रस्ता कुठे सुरू झाला? जनुकं नुसती शरीरात बसून राहत नाहीत. लोक आपल्याशी कसे वागतात आणि आपण कुठे जाऊन बसतो, यातही त्यांचा हात असतो. पण सरांनी छडी उचलायची की नाही हे भावाच्या जनुकांनी ठरवलं नव्हतं. ती जागा मोकळी होती.

अशा मोकळ्या जागा आणखी आहेत. फिनलंडच्या किशोरवयीन जुळ्यांवर सिगारेटचा एक अभ्यास झाला, 2007 साली छापला गेला. ज्या घरात आईवडिलांना मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे हे माहीत असतं, तिथे सिगारेट ओढण्यावर जनुकांचा प्रभाव कमी दिसला. जिथे कुणाला पत्ता नाही तिथे जास्त. वयाचंही तसंच. जुळ्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, चौदा-पंधराच्या वयात गांजा-सिगारेटवर घर-मित्रांचा जोर मोठा आणि पुढे वय वाढत जाईल तसा जनुकांचा जोर वाढत जातो, असं दिसलं. आणि अमेरिकेतला जुना अंदाज असा की गांजा वापरणाऱ्यांपैकी साधारण 9 टक्के त्यात अडकतात, पण सुरुवात किशोरवयात झाली तर साधारण सहांतला एक. मी वीस वर्षांचा असताना सुरुवात केली होती. भाऊ सोळाचा. ‘मला काही झालं नाही’ या हिशोबात मी वय धरलंच नव्हतं.

पुढचं थोडक्यात. 2011 मध्ये अब्बा गेले. रात्री छातीत कळ आली, भावाने रिक्षात घातलं, हॉस्पिटलच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत त्याच्या मांडीवरच गेले. तो अठराचा. मी पुण्यात. दहाव्यानंतर मी परत आलो ऑफिसला, आणि गॅरेजचं शटर पाडणं, हप्तेवाल्यांशी बोलणं, अम्मीची इद्दत, सगळं त्याच्यावर. गांजा रोजचा झाला तो तेव्हा. मला फोनवर म्हणायचा, “भाई, झोप लागते त्याने.” मी ओरडायचो.

2014 मध्ये त्याला वाटू लागलं की समोरचे लोक मोबाइलवर त्याचं शूटिंग करतात. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. आम्ही काय केलं? दोन महिने एका बाबाकडून पाणी दम करून आणलं. मीही गप्प बसलो, मी, इंजिनिअर. मग एका मैत्रिणीने, ती नर्स आहे, मला सरळ सुनावलं आणि आम्ही मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. औषधाने आणि गांजा थांबल्याने काही आठवड्यांत ते संशय ओसरले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला होता: घराण्यात कुणाला असं झालं होतं का? अम्मीने तेव्हा पहिल्यांदा सांगितलं की तिच्या एका आत्याला ‘हवा लागली’ म्हणून वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. लग्नं मोडतील म्हणून.

स्वीडनमध्ये 1969-70 साली सैन्यात भरती झालेल्या 45 हजारांवर तरुणांचा पंधरा वर्षं मागोवा घेतला गेला. ज्यांनी पन्नासपेक्षा जास्त वेळा गांजा ओढला होता त्यांच्यात स्किझोफ्रेनियाचं प्रमाण सहापट निघालं. प्रामाणिकपणे सांगायचं तर बाण उलटाही जातो: 2018 च्या त्याच अभ्यासात असेही संकेत मिळाले की ज्यांच्यात या आजाराचा आनुवंशिक धोका जास्त, ते गांजाकडेही जास्त वळतात. ओढणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही. पण ज्या घरात तशी आत्या आहे, त्या घरातल्या सोळा वर्षांच्या मुलाला गच्चीवर काय सांगायला हवं होतं, हे तुम्हाला आता कळलं असेल.

आपल्याकडे आणखी एक वजन आहे. बातमीत गांजा आणि आपलं आडनाव एकत्र आलं की अख्खी वस्ती आरोपी होते. खरं तर 2019 च्या केंद्र सरकारच्या सर्वेक्षणानुसार देशात वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतलेले सुमारे 3.1 कोटी लोक आहेत आणि मदतीची गरज असलेले सुमारे 72 लाख. हे एका वस्तीत मावत नाहीत. पण बदनामीच्या भीतीने आपण काय करतो? लपवतो. मुलगा पकडला गेला तरच दवाखान्याचा विषय निघतो. मला यावर बाहेरच्यांइतकाच घरच्यांचाही राग येतो.

कायद्याची माहिती ठेवा. एनडीपीएस कायदा 1985 चा. गांजा ओढण्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याच कायद्यात कलम 64-अ आहे: व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला तर ओढण्याच्या किंवा अल्प प्रमाणात बाळगण्याच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. मात्र उपचार पूर्ण केले पाहिजेत. फोन करायचा तर 14446 हा व्यसनमुक्तीचा, 14416 हा टेली-मानसचा. पुण्यात मुक्तांगण 1986 पासून आहे. नंबर आत्ता मोबाइलमध्ये घाला, स्वतःसाठी नको वाटत असेल तर मित्राच्या नावाने घाला.

भाऊ आज मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. दोनदा घसरला, दोनदा परत आला. दुसऱ्यांदा घसरला तेव्हा त्यानेच फोन केला, मी ओरडलो नाही, बस पकडली. मला सहा वर्षांची मुलगी आहे. भावाच्या अंगात जे आहे त्यातलं सरासरी निम्मं माझ्यातही आहे, आणि थोडं तिच्यातही असणार. घरात डायबेटिस आहे हे जसं आपण मुलांना सांगतो तसं तिला बाराव्या वर्षी सांगायचं असं आम्ही ठरवलं आहे. सांगणार तिचा चाचा. तो म्हणाला, “तू सांगितलंस तर लेक्चर होईल.”

या भाषणाचा कागद त्याने दुकानातच वाचला, गिऱ्हाईक थांबवून. एक वाक्य खोडलं. मी लिहिलं होतं, ‘त्याचं आयुष्य माझ्यामुळे बिघडलं.’ म्हणाला, “सगळं तुझ्याच खात्यावर कशाला घेतोस? थोडं मामूंचं, थोडं सरांचं, थोडं अब्बा गेले त्याचं. आणि थोडं माझं राहू दे. माझं काही नसेल तर सोडला तो पण मी नाही.”

एवढंच. प्रश्न विचारा. ज्यांना सगळ्यांसमोर विचारायचं नाही त्यांच्यासाठी जेवणानंतर मी बाहेरच्या पायऱ्यांवर बसतो, पाण्याच्या टाकीजवळ.